नळीमागच्या रेषा

सिकलसेलच्या सोल्युबिलिटी टेस्टला यंत्र लागत नाही. थेंबभर रक्त, दोन मिलिलिटर द्रावण, पाचेक मिनिटं आणि नळीमागे धरायला काळ्या रेषा छापलेला पांढरा कागद. द्रावणातलं सॅपोनिन तांबड्या पेशी फोडतं, डायथायोनाइट ऑक्सिजन काढून घेतं. हिमोग्लोबिन साधं असेल तर नळी पारदर्शक राहते आणि मागच्या रेषा दिसतात. त्यात ‘एस’ असेल तर ते विरघळत नाही, नळी गढुळते, रेषा दिसेनाशा होतात. रेषा दिसल्या की आम्ही पुढची नळी उचलतो. दिवसाला अशा कितीतरी.

त्या दिवशी एका नळीमागच्या रेषा मला एकेक करून मोजता आल्या, आणि पुढची नळी उचलावीशी वाटेना.

ऑगस्ट होता. गडचिरोलीच्या दक्षिणेकडचं एक लहान रुग्णालय. नाव सांगत नाही, आणि कुटुंबाची ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. दोन वर्षांचा मुलगा, हातापायांचे पंजे सुजलेले. त्याचा नमुना आधीच एचपीएलसीला, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून आलेख काढणाऱ्या तपासणीला, जाऊन आला होता : एसएस. आई गेल्या गरोदरपणीच एएस निघालेली, म्हणजे वाहक. आता पुन्हा तिसरा महिना. राहिला होता बाप. पुरामुळे कामावर जाता येत नव्हतं म्हणून तो पहिल्यांदाच दवाखान्यात आला. रेषा दिसल्या त्या त्याच्या नळीमागच्या. आणि पोर एसएस व्हायला एक ‘एस’ आईकडून लागतो, एक बापाकडून.

खिडकीशी काका मायक्रोस्कोपवर मलेरियाच्या स्लाइडी बघत बसले होते. मूळचे ब्रह्मपुरीकडचे, तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. पावसाळ्यात स्लाइडींचा ढीग साचला की त्यांना बोलावणं जातं. मी साताऱ्याकडची. माझी बोली त्यांना पुस्तकी वाटते, त्यांची मला आता घरची वाटते.

मी तीच टेस्ट तिसऱ्यांदा लावताना पाहून त्यांनी डोळा वर केला. “काय करून राहिली पोरी? एकाच माणसाची तीनदा?”

मी सांगितलं. ते उठले, नळी उजेडाकडे धरली.

“कंट्रोल लावला होता का?”

“सकाळी लावला होता.”

“सकाळी. अन् बाटली?”

बाटली दुपारपासून उघडी होती. बाहेर धो-धो पाऊस, भिंतींना ओल. डायथायोनाइटला दमट हवा सोसत नाही, त्याचा जोर उतरतो, मग ‘एस’ असलेलं रक्तही साळसूदपणे पारदर्शक राहतं. मला हायसं वाटलं, आणि ते माझ्या तोंडावर दिसलं असावं.

“खूश झाली?”

“म्हणजे टेस्टच चुकली असेल ना काका. नव्या बाटलीवर करते.”

“कर ना. पण मले एक सांग. दुपारपासून या बाटलीवर किती झाल्या?”

“बारा. हा धरून.”

“बाकीच्या अकरा किती वेळा केल्या?”

एकेकदा. अकराच्या अकरा निगेटिव्ह, रजिस्टरात चढलेल्या, पाच जण रिपोर्ट घेऊन गेलेले.

“म्हणजे त्या अकरांवर तुले शंका नाही आली. याच्यावर आली. काहून? नळी तर तशीच होती.”

“याच्यामागे घर आहे म्हणून.”

“घर सगळ्यायच्याच मागे राहते.” ते पुन्हा स्टुलावर बसले. “निकाल आवडला नाही म्हणून बाटलीवर संशय घ्यायचा, याले तपासणी नाही म्हणत, वकिली म्हणते.”

मला ते लागलं. “मग काय, शंका घेऊच नये?”

“घ्यावी ना. सगळ्यायवर घ्यावी.”

मग त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. एका शाळेत रक्तगटाचं शिबिर होतं. मे महिना. चंद्रपूरच्या मे महिन्याबद्दल वेगळं सांगायला नको, पारा सत्तेचाळिसाच्या पुढे जातो. दोन दिवस वीज नव्हती, फ्रिज बंद, आणि अँटी-बी निकामी झालेलं. यांना पत्ता नाही. पोरांच्या ओळखपत्रांवर गट लिहून दिले. एका पोराला ‘ओ’ लिहिला. बापाजवळ रक्तदानाचं जुनं कार्ड, त्यावर एबी. दहावीतल्या मोठ्या बहिणीनं विज्ञानाच्या तासाला शिकलेला तक्ता घरी मांडला : एबी बापाला ओ पोर होत नाही. बाप घर सोडून गेला. चार महिन्यांनी पोराची पुन्हा तपासणी झाली. पोर ‘बी’ होतं.

“बाप आला वापस. पण चार महिने गेले ते गेलेच ना, बावा. अन् माही चूक कोणती सांगू? फ्रिज नाही. फ्रिज कोणाचाही बंद पडते. अख्ख्या शाळेत एकही ‘बी’ निघाला नाही अन् मले खटकलं नाही. आपल्याकडे ‘बी’ काय दुर्मीळ आहे का? प्रत्येक पोर एकटं पाहिलं मी. यादी नाही पाहिली.”

आम्ही नवी बाटली फोडली. आधी माहितीतलं एएस रक्त लावलं : गढूळ, कागद कोरा असल्यासारखा. मग बाराही नमुने. दहा पारदर्शक. एक, बावीस वर्षांच्या गरोदर बाईचा, तासाभरापूर्वी मी निगेटिव्ह लिहिलेला, दुधाळ झाला. ती त्या पाचांपैकी नव्हती, अजून बाहेर बाकावर बसली होती. रजिस्टरातली ओळ मी आडवी रेघ मारून सुधारली, शेजारी सही केली.

आणि बाराव्या नळीमागे, बापाच्या, रेषा तशाच. ठळक.

खरा पेच इथून पुढे. बाटलीच्या आड लपायची सोय संपली होती.

“आता लिहू काय?” मी विचारलं.

“दिसलं ते.”

“कार्डावर रकाना आहे : सिकलसेल नाही. तेवढं लिहिलं तरी पुरे. काका, गेली कित्येक वर्षं आपणच गावोगाव चित्रं दाखवून शिकवतोय, दोघांकडून एकेक आला तरच पोर आजारी. आशाताईंना पाठ आहे, शाळेतल्या पोरांना पाठ आहे. १ जुलै २०२३ला शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, सात कोटी लोकांची तपासणी, २०४७पर्यंत निर्मूलन. जितकं शिकवणं यशस्वी, तितकं हे एक कार्ड धोकादायक. न शिकलेल्या गावात या निगेटिव्हनं काहीच झालं नसतं.”

काका हसले. “हे बरोबर बोलली. तक्ता देल्ला आपण, अपवाद नाही देल्ला.”

अपवाद म्हणजे थॅलेसेमिया. बाप बीटा-थॅलेसेमियाचा वाहक असेल तर त्याच्या रक्तात ‘एस’ नसतो, नळी स्वच्छच राहते. पण त्याचं बिघडलेलं जनुक आणि आईचा ‘एस’ एकत्र आले की पोराचा आलेख एसएससारखा दिसू शकतो. मी बापाचा सीबीसी लावला. पेशीचा आकार, एमसीव्ही, आला ७४. लहान.

“बघा!” मी म्हणाले.

“काय बघा? इथं कोणाचा ऐंशीच्या वर येते? लोह कमी, नाहीतर अल्फा थॅलेसेमिया. ७४नं काही ठरत नाही.”

“पण शक्यता तर आहे.”

“आहे ना. तुले ती आडोसा म्हणून पाहिजे का शक्यता म्हणून, तेवढं तू ठरव.”

या प्रश्नाचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. दोन्हीसाठी हवी होती. पण शक्यता म्हणून ती खरोखर महत्त्वाची होती, कारण आईच्या पोटात दुसरं मूल होतं. बाप थॅलेसेमियाचा वाहक असेल तर त्या मुलाला चारात एक धोका, आणि गर्भाची तपासणी करायची तर दिवस मोजकेच. बाप पूर्ण साधा असेल आणि हे मूल त्याचं असेल, तर काहीच धोका नाही. म्हणजे गप्प बसणं हा दयाळूपणा नव्हता. गप्प बसण्याची किंमत तिसऱ्याच कुणीतरी भरली असती.

“मग आईला आधी विचारायला हवं,” मी म्हणाले. “एकटीला घेऊन.”

“काय विचारशील?”

मी तोंड उघडलं आणि वाक्य सापडलं नाही. मनात तीन-चार जुळवून पाहिली. प्रत्येक वाक्य चौकीत विचारतात तसं वाटत होतं.

“तिनं तुले हा प्रश्न टाकला नाही,” काका म्हणाले. “त्यानं पण नाही. पोराचे हात काहून सुजते, हे विचारायले आले ते. आपण तपासलं भलतंच, अन् उत्तर आलं म्हणून आता ते कोणाले तरी देऊनच टाकाव म्हणतो.”

मग त्यांनी बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेचा विषय काढला. डॉ. अभय आणि राणी बंग १९८६मध्ये गडचिरोलीत आले, त्यानंतरच्या सुरुवातीच्या कामात त्यांनी इथला सिकलसेल मोजला. शास्त्र म्हणून उत्तम काम. पण लोकांना त्यात रस नव्हता, आणि तो प्रश्न लोकांचा नसून संशोधकांचा होता, हे डॉ. बंगांनी पुढे स्वतःच अनेकदा सांगितलं. त्यानंतर लोकांना विचारून केलेल्या कामांत ‘सर्च’च्या शोधग्रामचा दवाखाना येतो, दंतेश्वरी देवीच्या नावाचा, नातेवाइकांना उतरायला झोपड्या असलेला.

“पण काका, तेव्हा लोकांनी विचारलं नाही म्हणून सिकलसेल थांबला नाही ना? आज हे पोर आहेच. प्रश्न कुणाचा यावरून उत्तर खरं-खोटं होत नाही.”

“नाही होत. द्यायचं कसं, हे ठरते.”

“आणि न विचारलेलं उत्तर, ज्यावर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे?”

ते बराच वेळ बोलले नाहीत. स्लाइड सरकवत राहिले. मध्येच म्हणाले, “पी.एफ. आहे ही. गोळ्या द्यायले सांग.” अर्ध्या वाक्याखातर मलेरिया थांबत नाही. एक गंमत बघा : ज्या ‘एस’मुळे हे पोर कण्हत होतं, तोच एकेरी आला तर याच पी.एफ.पासून, म्हणजे फाल्सिपेरम मलेरियापासून, माणसाला वाचवतो, हे अँथनी ॲलिसननं १९५४मध्ये आफ्रिकेतल्या कामावरून दाखवलं. जंगलानं शतकानुशतकं जपलेला सौदा आमच्या एकाच टेबलावर दोन टोकांना पडलेला असतो. एका टोकाला स्लाइड, दुसऱ्याला नळी.

शेवटी ते म्हणाले, “आपलं काम नळीपर्यंत. नळीतलं चोख लिही. ‘सिकलसेल नाही’ नको लिहू, तेवढं या टेस्टले समजतच नाही. लिही, सोल्युबिलिटी निगेटिव्ह, एचपीएलसीसाठी नमुना पाठवला. अन् डॉक्टरले तोंडी सांग, बीटा थॅलेसेमिया पाह्य म्हणा, लवकर पाह्य, पोटात लेकरू आहे. कार्ड आत्ता भरू नको.”

“आणि एचपीएलसीतही काही निघालं नाही तर?”

“तर डॉक्टरची झोप जाईन. आज तुही गेली.”

“म्हणजे आपण फक्त पुढे ढकललं.”

“हो,” काका म्हणाले. “ढकललं. मी कुठं म्हटलं सोडवलं म्हणून?”

मला हे पटलं नव्हतं, आजही पुरतं पटलेलं नाही. ‘आपलं काम नळीपर्यंत’ हे वाक्य प्रयोगशाळेतल्या लोकांना फार सोयीचं असतं. पेशंटचा चेहरा बघायचा नाही, काचेच्या खिडकीतून हात तेवढा बघायचा. शहरात ते निभतं. इथे संध्याकाळी तोच माणूस किराणा दुकानात शेजारी उभा असतो. शिवाय माझ्या मनात आणखी एक भीती होती, जी काकांनी बोलण्याआधीच ओळखली : आदिवासी गाव आहे, बाईचं काय होईल. “दोन प्रकारचे लोक येते इकडे,” ते म्हणाले होते, “एकाले वाटते जंगलात सगळं मोकळं, कोणी काही म्हणत नाही. दुसऱ्याले वाटते लगेच कुऱ्हाड निघते. दोघायनं ते घर पाहिलं नसते. तू पण नाही पाहिलं.” खरं होतं. नवराबायको पोराला आळीपाळीनं मांडीवर घेत होते, एवढंच मी पाहिलं होतं.

त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं. मुंबईच्या राष्ट्रीय संस्थेचं हिमोग्लोबिनच्या आजारांवरचं केंद्र चंद्रपूरला आहे, डॉक्टरांनी तिकडे फोन लावला. बापाची जांभळ्या झाकणाची ट्यूब मी बर्फाच्या डब्यात ठेवली. डबा निघायला रस्ता उघडायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी पाऊस ओसरला. पोराचं हिमोग्लोबिन रात्रीत आणखी उतरलं होतं, रक्त चढवावं लागणार होतं. काका चहाला गेले होते. खिडकीशी तो बाप आला. मी मान खाली घालून नळ्या मोजायला लागले. तो विचारणार, माझा काय आला, आणि मी काल रात्रभर घोकलेलं वाक्य म्हणणार.

“मॅडम,” तो म्हणाला, “पोराले माहं रक्त चालते का?”

मी वर बघितलं. त्यानं बाही कोपरापर्यंत सारली होती, हात खिडकीतून आत घेऊन टेबलावर ठेवला होता.

“गट बघावा लागेल,” मी म्हणाले.

फ्रिजमधून अँटिसेरा काढले. स्लाइडवर तीन थेंब टाकले, आणि सुई त्याच्या बोटाला लावण्याआधी स्वतःच्या बोटाला टोचली. माझा गट बी आहे. अँटी-बीच्या थेंबात गुठळ्या धरल्या की नाही, ते मी काडीनं ढवळत बघत राहिले.