सोडलेला विषय

परीक्षेच्या बाबतीत आपली भाषा मोठी गमतीदार आहे. मुलगा गणितात पास झाला तर त्याचे गणित 'सुटले' असे आपण म्हणतो, आणि नापास झाला तर 'राहिले' म्हणतो. म्हणजे जे आले ते हातून सुटले आणि जे आले नाही ते जवळ राहिले! विद्येशी आपले नाते कसे आहे हे सांगायला एवढी दोन क्रियापदे पुरेत. पण या दोहोंहून वेगळे असे तिसरेही एक आहे, ते म्हणजे 'सोडणे'. विषय सुटतो किंवा राहतो तेव्हा परीक्षक नावाचा कोणी तिऱ्हाईत मध्ये असतो; त्याला श्रेय देता येते, दोषही देता येतो. विषय सोडताना मात्र माणूस एकटा असतो. वय सोळा-सतरा, हातात प्रवेशाचा अर्ज, आणि अर्जात एक लहानशी चौकट. तिच्यात खूण केली की ज्ञानाचा एक प्रांत आपल्यापुरता बंद.

एवढ्याशा खुणेला नैतिक प्रश्न म्हणायचे म्हणजे उंदराच्या शिकारीला हत्ती काढण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. मलाही प्रथम तसेच वाटले होते. परंतु यंदा आमच्या शेजारच्या मुलीपुढे हा प्रश्न उभा राहिला, आणि तिचे वडील नि ती मिळून माझ्याकडे आली, तेव्हापासून तो माझ्या डोक्यातून जाईना.

महाराष्ट्रात दहावीपर्यंत मराठी शिकलीच पाहिजे, असा कायदा २०२० साली झाला. अकरावीला मात्र दार मोकळे असते. इंग्रजी प्रत्येकाला घ्यावी लागते. दुसऱ्या भाषेच्या जागी मात्र माहिती तंत्रज्ञान, म्हणजे मुलांच्या बोलीत 'आयटी', घेता येते. विज्ञान शाखेची पुष्कळ मुले तसे करतात. त्यात ८० गुणांची परीक्षा संगणकावर होते आणि २० गुण प्रात्यक्षिकाला असतात. गुण भराभर पडतात. मराठीच्या उत्तरपत्रिकेत दहापैकी सात पडले तरी देव पावला म्हणायचे.

या मुलीला अभियांत्रिकीला जायचे आहे. वडिलांचा हिशेब सरळ होता. मी म्हणालो, "अहो, पण प्रवेश तर सामायिक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतात. बारावीचे गुण पात्रतेपुरते. मग मराठीत दहा कमी पडले म्हणून बिघडलं कुठं?" ते म्हणाले, "गुणांचं नाही हो, वेळेचं. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास. त्यात निबंध लिहीत बसायला सवड कुठली? आणि मराठी काय, घरात बोलतोच की आपण!"

हे शेवटचे वाक्य मी आजवर इतक्या घरांतून ऐकले आहे की त्याला म्हणीचा दर्जा द्यायला हरकत नाही. घरात आपण जे बोलतो ते चहा, वीज आणि भाजी यांसंबंधी असते. तेवढ्याने भाषा येते असे म्हणायचे तर रोज जेवतो म्हणून प्रत्येकाला स्वयंपाक येतो असेही म्हणावे लागेल. पण वेळेचा मुद्दा खोटा नव्हता. दिवसाचे तास चोवीसच, आणि काही घेण्यासाठी काही सोडावे लागणारच. सर्वच विषय धरून बसणारा माणूस विद्वान होत नाही, नुसता दमतो.

उपयोगाचा मुद्दा मी फार वेळ चघळणार नाही. कोणता विषय पुढे उपयोगी पडेल हे सतराव्या वर्षी कोणालाच कळत नाही. टिळक गणितात पहिल्या वर्गात बी.ए. झाले, एम.ए. अर्धवट सोडून वकिलीकडे वळले, आणि १८९३ साली त्यांनी 'ओरायन' लिहिला तो नक्षत्रांच्या गणितावर वेदकाळ ठरवण्यासाठी. त्यांचे निष्कर्ष आज कोणी मानो न मानो. सोडलेले गणित असे भलत्याच दारातून परत आले. अर्थात ही थोरांची उदाहरणे झाली, आणि थोरांच्या उदाहरणाने काहीही सिद्ध करता येते. शिवाय मराठीचे पाठ्यपुस्तकच हल्ली उपयोगाच्या भाषेत बोलू लागले आहे. बारावीच्या 'युवकभारती'त उपयोजित मराठी म्हणून अहवाल, माहितीपत्रक, वृत्तलेख हे प्रकार शिकवतात. ते शिकवू नयेत असे नव्हे. पण आपणही कामाच्या आहोत हे सिद्ध करायला मराठीला रांगेत उभे राहावे लागते, हे पाहून वाईट वाटते.

मुलगी इतका वेळ गप्प होती. वडील उठून गेल्यावर म्हणाली, "काका, बाबांना वाटतं मला मराठी नको आहे. मला आवडतं म्हणूनच सोडतेय मी. कवितेखाली 'रसग्रहण करा' असं लिहिलं की ती माझी राहतच नाही. मग गाइडमधलं पाठ करायचं. त्यापेक्षा रात्री मी आपली वाचेन की, मला हवं ते."

वडिलांना उत्तर देणे सोपे होते. हिला काय सांगावे? प्रेमाने सोडणे आणि कंटाळून सोडणे यांत अंतर आहे, आणि ती पहिल्या बाजूला उभी होती. इतिहासही तिच्याच बाजूने साक्ष देतो. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. थोड्याच वर्षांत वरच्या परीक्षांतून देशी भाषा बाहेर पडल्या. तिथे मराठीला पुन्हा जागा मिळावी म्हणून न्यायमूर्ती रानडे अखेरपर्यंत खटपट करीत होते. आणि नेमक्या याच काळात, म्हणजे विद्यापीठाने मराठी 'सोडली' असताना, १८७४ साली 'निबंधमाला' निघाली, १८८१ साली 'केसरी' निघाला! अलीकडचा दाखला जयंत नारळीकरांचा. त्यांचे शिक्षण वाराणसीत आणि केंब्रिजमध्ये झाले. तरी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा लिहिली, ती मराठीत. भाषा परीक्षेच्या आधाराने जगत नाही, हे या मुलीचे म्हणणे मला मान्य करावे लागले.

तरी तिच्या बोलण्यातले तीन शब्द मला खटकत राहिले: 'मला हवं ते'.

आवड ही मोठी गोड गोष्ट आहे, पण ती आपल्यासारख्याच पाहुण्यांना घरात घेते. शाळेतला विषय म्हणजे न बोलावलेल्या पाहुण्यांचे येणे. आज सतरा वर्षांचे कोणते मूल आपण होऊन 'लीळाचरित्र' उघडील? ते तेराव्या शतकातले तुटक, थेट गद्य पहिल्या भेटीत परकेच वाटते. 'शेतकऱ्याचा असूड'मधला संताप रात्री निजताना वाचण्यासारखा नाही. कोणी तरी ते आपल्या पुढ्यात ठेवावे लागते, आणि उठून जाण्याची मुभा नसावी लागते. विषय सोडला म्हणून आवडीचे जात नाही. जे अजून आवडलेले नाही, पण कदाचित आवडले असते, ते जाते. आणि जाताना दिसतही नाही.

हा न दिसण्याचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. माझेच सांगतो. दहावीनंतर मी कला शाखेला गेलो आणि गणित सोडले. लोक विचारतात, कधी पश्चात्ताप झाला का? नाही झाला, खरेच झाला नाही. पण या उत्तराची किंमत किती? ज्याला गणिताची उणीव भासली असती तो माणूस घडलाच नाही. जो घडला त्याला विचारून काय उपयोग? आरोपीलाच न्यायाधीश करण्यासारखे आहे ते. सोडलेला विषय आपला साक्षीदारही बरोबर घेऊन जातो. म्हणून 'माझे काही अडले नाही' असे जेव्हा कोणी आत्मविश्वासाने सांगतो (आणि सगळेच सांगतात), तेव्हा त्यावरून ना त्याचा निर्णय बरोबर ठरतो, ना चूक.

सी. पी. स्नो यांनी १९५९ साली केंब्रिजमध्ये दोन संस्कृतींवर ते गाजलेले व्याख्यान दिले, त्यात इंग्लंडमधल्या मुलांना फार लवकर एका बाजूला लावण्याच्या पद्धतीवर टीका होती. आपल्या २०२० च्या शैक्षणिक धोरणातही कला आणि विज्ञान यांच्यातल्या भिंती काढण्याची भाषा आहे. भिंती निघतील तेव्हा निघोत. तोवर ही चौकट आहे, आणि आणखी एक गोष्ट आहे जी अर्जावर छापलेली नसते.

ती अशी, की ही खूण एकटीची नसते. एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी घेणारी मुले कमी झाली की तासिका कमी होतात, शिक्षकाचा कार्यभार भरत नाही, आणि एक दिवस तो 'अतिरिक्त' ठरतो. मग ज्याला मराठी घ्यायची आहे त्यालाही ती घेता येत नाही. नारळीकरांच्या आई संस्कृतच्या जाणकार होत्या, वडील गणिताचे प्राध्यापक. अशा घरात सोडलेला विषय दाराबाहेर गेला तरी खिडकीतून आत येतो. आमच्या शेजाऱ्यांकडेही पुस्तकांचे एक कपाट आहे. पण त्याच वर्गात असा एखादा मुलगा असतो, की पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक त्याच्या घरात आलेलेच नसते. त्याच्यासाठी दार एकच, आणि ते उघडे राहायचे तर बाकीच्यांनी त्यातून ये-जा केली पाहिजे. १७ वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर हे ओझे ठेवावे असे मी म्हणत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटणाऱ्या आम्हा मोठ्यांनी ते आधी उचलावे. पण ओझे आहे, एवढे तरी तिला ठाऊक असावे.

हे सारे मी तिला जमेल तसे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग परीक्षा न देता विषय ठेवता येत नाही का?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. तिने महाविद्यालयाच्या कार्यालयात चौकशी केली. तिथल्या कारकुनाला प्रश्नच कळेना. शेवटी तिने आयटी घेतले. मराठीचे निम्मे तास आयटीच्या प्रात्यक्षिकावर पडतात. उरलेल्या तासांना बाईंची परवानगी काढून ती मागच्या बाकावर जाऊन बसते. हजेरीपटावर तिचे नाव नाही, तेव्हा बाईंच्या कार्यभारातही ती धरली जात नाही.

परवा जिन्यात भेटली. म्हणाली, "काका, सध्या जो धडा चाललाय ना, तो भयंकर रटाळ आहे."

"मग बसतेस कशाला?"

"आता मधेच कसं उठणार?"