काठापासून आत

गोधडी शिवण्याचा नाद मला लहानपणीच लागला आणि चित्रं काढण्याचाही. जन्मभर हे दोन्ही करत आल्यावर एक मत पक्कं झालं आहे: सुचतं ते हात चालू असताना. आधी कल्पना येईल आणि मग काम सुरू करू, असं म्हणणाऱ्याच्या वाट्याला बहुतेक वेळा नुसतं थांबणंच येतं.

या मताला सर्वांत भक्कम आधार मला आपल्याच कर्नाटकात मिळाला. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांत सिद्दी समाज राहतो. काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून आलेल्या, पुष्कळदा गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांच्यातल्या बायका शिवतात त्या गोधडीला कवंदी म्हणतात. तळाला जुनी साडी अंथरायची, एका कोपऱ्यापासून तुकडे लावायला घ्यायचे, काठाकाठाने चारही बाजू फिरायच्या आणि फेऱ्याफेऱ्यांनी आत सरकत मध्यावर यायचं. कागदावर आराखडा काढलेला नसतो, कापडावर खडूची खूणही नसते. लाल तुकडा बसला की त्याच्याशेजारी काय शोभेल ते तो लालच सांगतो. शेवटी कोपऱ्यांवर तुकड्यांच्या घड्या घालून केलेली ‘फुलं’ लावतात. फुलांवाचून कवंदी उघडी वाटते, असं त्या मानतात. ऊब द्यायला या फुलांचा काडीचा उपयोग नाही, तरीही त्यांच्यावाचून काम पुरं होत नाही. गरजेच्या वस्तूत कला नेमकी कुठून शिरते, हे मला त्या चार कोपऱ्यांत दिसतं.

अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या जीज बेंड इथल्या कृष्णवर्णीय बायकांनीही शेतात घालून विरलेल्या कपड्यांच्या अशाच गोधड्या केल्या. २००२ साली त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या, तेव्हा जाणकारांना त्यांत आधुनिक अमूर्त चित्रांशी नातं दिसलं. मला मात्र त्या बायकांपुढची अडचण मोलाची वाटते. मिळेल तेवढंच कापड, मिळेल तोच रंग, आणि थंडी तर तोंडावर आलेली. निवडीला वाव थोडा असला की नजर धारदार होते. बेंगळुरूत कपड्यांच्या कारखान्यांतून रोज ढिगांनी चिंध्या निघतात. चिकपेटेत उभं राहिलं तर हवा तो रंग हव्या तेवढ्या वारात मिळतो. तरी मी चिंध्यांकडेच वळते. बाहीच्या बगलेतून उरलेला वाकडा तुकडा मला असा आकार देतो, जो मी आपण होऊन कधीच कापला नसता.

आता टाक्याकडे पाहा. धावदोरा हा शिवणकामातला सर्वांत साधा टाका. उजवा हात सुईवर तीन-चार चुण्या घेतो आणि डाव्या हाताचं बोट कापडाखाली टोकाची वाट पाहतं. टोक बोटाला लागलं की सगळे थर घेतले गेले, हे डोळ्यांनी न बघताच कळतं. मग दोरा ओढला की कापड किंचित आक्रसतं आणि दोन ओळींमध्ये बारीक लाट उठते. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीकडे बघून चालते. ती जरा कलली तर पुढचीही तिच्याबरोबर कलते. पेन्सिलीची रेघ माझ्या हातून अशीच वाढते. पहिली ओढेपर्यंत दुसरी कुठे जाणार, ते मला ठाऊक नसतं.

बेंगळुरूत कुमारकृपा रस्त्यावरच्या चित्रकला परिषदेत के. के. हेब्बारांची चित्रं आहेत. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले आणि पुढे तिथेच शिकवणारे हेब्बार. लय समजावी म्हणून हा चित्रकार कथक शिकला. त्यांच्या रेखाटनांत मोजक्या रेघांत नर्तक उभा राहतो तो त्या मेहनतीमुळे. रेघेची लय त्यांनी पायांनी कमावली. घरोघरच्या बायका तीच बोटांनी कमावतात. एकाला आपण प्रतिभा म्हणतो आणि दुसरीला घरकाम, ही वाटणी मला मुळीच मान्य नाही.

ग्राफपेपरवर नक्षी आखून, तुकडे मापात कापून गोधडी शिवणारेही आहेत आणि त्यांचं काम देखणं असतं. पण त्यांनाही विचारून पाहा. कागदावर ठरलेला निळा कापडावर ठेवताच बदलावा लागतो आणि त्या बदलातच गोधडीला जीव येतो. आराखडा हातात सुई घ्यायचं धैर्य देतो. पुढचं सुचवणारं कापडच असतं.

हल्ली फोनवर बोट फिरवलं की हजार नमुने समोर येतात. ते बघण्यात संध्याकाळ जाते आणि सुई दोऱ्यावाचून राहते. ‘मला काही सुचत नाही’ असं कुणी म्हणालं, तर मी आणखी नमुने दाखवत नाही. जुन्या साडीचा तुकडा आणि दोरा ओवलेली सुई हातात देते आणि म्हणते, एका कोपऱ्यापासून सुरुवात कर. मध्यावर काय असेल याची चिंता आज करू नकोस. तिथवर पोचणारे हात आजच्यापेक्षा जाणते असतील.