दोन सेंटिमीटर हिरवं

संत्र्याच्या झाडावर वाळलेल्या फांद्यांना आमच्याकडे सल म्हणतात. मनात राहतो तो सल, झाडावर राहते ती सल. फळ तोडून झालं की ती काढायची, नाहीतर रोग तिच्यातून खाली उतरतो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची माणसं एक गोष्ट नेहमी बजावतात : नुसतं वाळलेलं कापू नका, त्याच्या खालचं दोन सेंटिमीटर हिरवंही घ्या. बुरशी वाळलेल्या लाकडाच्या हद्दीवर थांबत नाही. ती हिरव्यात शिरलेली असते आणि वरून दिसत नाही. हे मी पंधरा-वीस वर्षं ऐकत आलो. यात धर्माचा प्रश्न आहे, हे कळलं ते गेल्या हिवाळ्यात, सात हजारांच्या एका मशीनपायी.

आमचं वावर मोर्शी तालुक्यात, रिद्धपूरच्या बाजूला. गोविंदप्रभूंचं रिद्धपूर, आता तिथं मराठी भाषा विद्यापीठ झालं म्हणून बाहेरच्यांनाही नाव ठाऊक झालं. घर उपदेशी महानुभाव. भेटलं की ‘दंडवत प्रणाम’, आईच्या हातात स्मरणाची गाठी. शिकारी मागं लागलेला ससा चक्रधरस्वामींच्या आश्रयाला आला आणि वाचला, ही लीळा मी अक्षरओळख व्हायच्या आधी ऐकली. पोटासाठी मात्र 31 वर्षं बसगाड्यांच्या वर्कशॉपात इंजिनं उघडली आणि जोडली. त्यामुळे माझ्या डोक्यात धर्म आणि टॅपेट एकाच डब्यात ठेवलेले आहेत. वेगळे काढायला गेलं की दोन्ही हाताला लागतात.

2019 च्या उन्हाळ्यात आमच्या पट्ट्यातल्या विहिरी आटल्या. डोळ्यांदेखत बागा वाळल्या. माझी वाचली, पण काही झाडं तेव्हापासून आजारीच. एका अंगानं हिरवी, दुसऱ्या अंगानं काटकी. पूर्वी सल काढायला गडी सांगायचो. आता गडी मिळत नाहीत आणि हातआरी अर्धा दिवस चालवली की माझा खांदा रात्री झोपू देत नाही. म्हणून अकोल्याला जाऊन झाड कापायची मशीन बघितली.

दुकानदार जैन, वयानं माझ्याहून लहान, जिभेनं तिखट. “टू-स्ट्रोक घ्या काका, सगळे तेच नेतात,” म्हणाला. मला फोर-स्ट्रोकच हवं होतं. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. ते जळतं, धूर तोंडावर येतो. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल आपल्या जागी, पेट्रोल आपल्या जागी. 1876 साली ऑटो नावाच्या माणसानं चालवून दाखवलेली ती चाल : ओढ, दाब, जाळ, फेक. चारातला एकच टप्पा काम करतो, बाकीचे तीन त्याची तयारी आणि आवराआवर. जन्मभर ज्याच्याशी संसार केला तेच इंजिन बरं. शिवाय ते त्याच्याकडं स्वस्तात पडून होतं, कारण कोणी नेत नव्हतं.

बिल करताना तो म्हणाला, “आमच्याकडं हिंसेची तीन खाती असतात काका. स्वतः केली, दुसऱ्याकडून करवली, कोणी केली तर मान डोलावली. झाड म्हणजे एका इंद्रियाचा का होईना, जीवच. तुम्ही चालले पहिल्या खात्यात, मी मशीन विकून बसलो तिसऱ्यात. बिल पक्कं करू का?”

आम्ही दोघं हसलो. पण परतताना एसटीत खिडकीशी बसल्यावर लक्षात आलं, की गडी लावून सल काढत होतो ती सगळी वर्षं मी दुसऱ्या खात्यात होतो आणि स्वतःला कोऱ्या पानाचा समजत होतो.

मशीन घरी आली आणि पहिल्या दिवशी सुरूच होईना. वीस वेळा दोरी ओढली. प्लग काढला तर ओला. पुसून बसवला, चोक उघडला, मग एकदाची पेटली आणि अंगण पांढऱ्या धुरानं भरून गेलं. पुतण्या म्हणाला, “काका, फोर-स्ट्रोक धूर फेकत नाही म्हनत होते ना तुमी?” दोष माझाच. सोबतचा कागद न वाचता मी अंदाजानं ऑइल ओतलं होतं. बसगाडीच्या इंजिनात लिटरांनी ओतायची सवय. या इतक्याशा इंजिनाला अवघं 100 मिलिलिटर लागतं. मशीन आडवी-उभी कशीही धरावी लागते म्हणून आत तेलाचं धुकं उडवून ते सगळीकडे पोचवण्याची सोय असते. जास्त तेल पडलं की धुक्याऐवजी लोंढा जातो आणि जळतो. तेलाला संस्कृतात स्नेह म्हणतात. स्नेहालाही माप असतं, ही कीर्तनातली उपमा मला धुरात खोकत असताना सुचली आणि मी तिथंच सोडून दिली. उपमा गोड लागते. धूर तो धूरच.

मग आठवडाभर मशीन आणि मी. झाकण उघडून टॅपेट तपासले. कागदावर इनलेटला 0.08 आणि एक्झॉस्टला 0.11 मिलिमीटर फट लिहिली होती. माझ्या मशीनच्या एक्झॉस्टला फिलर गेजची सर्वांत पातळ पट्टीही जाईना. ते सोडवलं, तेव्हा दोरी तिसऱ्या ओढीला ऐकू लागली. आयडलिंगला चेन सरकत होती, रेस उतरवून ती थांबवली. चेनवर तेल पोचत नव्हतं. भोकात कारखान्यातला भुसा अडकला होता, तो तारेनं काढला. स्वस्त मशीन म्हणजे अर्धी बनवलेली मशीन. उरलेली अर्धी घेणाऱ्यानं बनवायची. मला त्याची तक्रार नाही, उलट सुख झालं. निवृत्त माणसाला असं अर्धवट काहीतरी हवंच असतं.

सुख झालं की हाव होते. मशीन चालत होती, पण टू-स्ट्रोकसारखी तडफ नव्हती. जाड लाकडात दमायची. चेनच्या प्रत्येक दात्यापुढे एक बुटकं नाक असतं. ते स्वतः कापत नाही. दात्यानं एका घासाला किती लाकूड घ्यावं, एवढंच ते ठरवतं. दात्याच्या धारेपेक्षा ते साधारण 0.65 मिलिमीटर खाली असलं की पुरे. मी दाते गोल कानशीनं परजले ते ठीकच. मग चपटी कानस घेऊन ती नाकंही घासली, जरा जास्तच. घास मोठा झाला की काम लवकर होईल, असा हिशोब. वर्कशॉपात एखाद्या पोट्ट्यानं असं केलं असतं तर त्याला मी दिवसभर बाहेर उभा केला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाग. पहिल्या दोन झाडांवर मशीन लोण्यात सुरी जावी तशी गेली. मी खूश. तिसऱ्या झाडावर मनगटाएवढी वाळलेली फांदी होती आणि तिच्यामागं बेचक्यात एक हिरवी. आंबिया बहार तुटून गेला होता, पण या झाडानं मृग बहाराचीही थोडी फळं धरली होती. चेननं वाळलेल्या लाकडात मोठा घास घेतला, मशीन हिसकली, मला ओढत पुढं गेली आणि मी रेस सोडीपर्यंत हिरव्या फांदीत अर्धी शिरली. फांदी आपल्याच वजनानं फाटत खाली आली. हिरवी, कच्ची फळं मातीत पडली. मोजली : सत्तावीस.

आई धुऱ्यावर बाजेवर बसून स्मरण करत होती. चौऱ्याऐंशी वर्षांची. जवळ बोलावून विचारलं, “वायलेलं कापाले गेल्ता ना तू? मंग हिरवं कोनं कापलं?”

“मशीन उसळली आई.”

“मशीनले कोनं उसळवली?”

एवढंच. पुन्हा गाठी फिरू लागली.

मला आमचे जुने फोरमन आठवले. गाडी दुरुस्त केली की जॉबकार्डावर बिघाडाचं कारण लिहावं लागे. मी नवा असताना झोकात लिहायचो, ‘तांत्रिक बिघाड’. ते कार्ड परत करायचे आणि विचारायचे, “तांत्रिक म्हणजे कोण?”

आम्हा महानुभावांत गीतेला फार मान. तिच्या अठराव्या अध्यायात कुठल्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, वेगवेगळी साधनं, वेगवेगळ्या हालचाली आणि पाचवं दैव. एकट्या स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याला नीट दिसत नाही, असंही पुढं म्हटलं आहे. त्या रात्री मला हा अध्याय फार सोयीचा वाटला. फांदी पडण्याला बेचकं कारण, चेन कारण, हिसका कारण, दैव कारण. माझ्या वाट्याला पाचवा हिस्सा. पण जॉबकार्डाच्या सवयीनं एकेक कारण तपासलं तर हिशोब फिरला. उभं राहायची जागा मी निवडली. साधन मी आणलं आणि मीच घासलं. हालचाल माझ्या हातांची. दैवाच्या नावावर टाकता येईल असं फार तर त्या झाडानं त्या वर्षी मृग धरला एवढंच. गीतेनं पाच कारणं दिली ती मला वाटतं अहंकार फोडण्यासाठी, जबाबदारी वाटून टाकण्यासाठी नव्हेत. काम चांगलं झालं तर पाचांत वाटावं. वाईट झालं तर आधी आपल्या हाताखालची चार तपासावी.

मग अहिंसेचं काय? मशीनच विकून टाकावी का? दोन दिवस तेही मनात होतं. पण विकली तरी सल राहतेच. ती न काढणं म्हणजे झाडाला हळूहळू मरू देणं, आणि आपला हात स्वच्छ असल्याचं समाधान मानणं. दुसरं असं, की संत्र्याचं झाड मुळात कापण्यातूनच जन्माला येतं. शेंदुरजनाघाटच्या नर्सऱ्यांमध्ये जंबेरीच्या खुंटावर चाकूनं साल उकलून संत्र्याचा डोळा बांधतात. पुढं डोळा फुटला की वरची जंबेरी छाटून टाकतात. आमच्या बागेतली जी झाडं कलमाची आहेत, त्यांतलं प्रत्येक एका जखमेवर उभं आहे. ज्यानं कधीच काही कापलं नाही, त्याच्याकडे संत्र्याची बाग नसते. संन्यास घेतलेल्यांना ते साधतं, त्यांचा आचार वेगळा. त्यांनी भिक्षेचा मार्ग धरला म्हणून त्यांना बाग लागत नाही. मी बाग ठेवणारा आहे.

ससा पळत येऊन आश्रय मागू शकला. झाडाला पळता येत नाही. ते उभ्या जागीच शरण आलेलं असतं. म्हणून बागवाल्यानं आपला घास किती, हे आधी ठरवून ठेवावं लागतं. विद्यापीठाचं ते दोन सेंटिमीटर मला आता असं दिसतं : वाळलेलं काढायचं तर थोडं हिरवं जाणारच, यातून सुटका नाही. पण किती जाणार ते मोजलेलं असलं पाहिजे. दुसऱ्याकडून करवलं तर मोजणारा आपण उरत नाही. शक्तीच्या हावेनं मर्यादेचं नाकच घासून टाकलं तर मोजायला वेळच मिळत नाही. मशीन आपल्या आधी पोचते. माझी हिंसा मशीन घेण्यात नव्हती. ती त्या चपट्या कानशीत होती, आदल्या संध्याकाळी, घरच्या ओट्यावर, कोणतंही झाड समोर नसताना.

फाटलेल्या जागेचं लाकूड नीट तासून घेतलं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी असं बोर्डो कालवलं आणि ब्रशनं त्या जखमेला लावलं. उरलेलं सगळ्या बुंध्यांना. घासलेलं नाक परत वाढत नाही, म्हणून नवी चेन आणली. जुनी ओट्यावर खिळ्याला टांगली आहे. पुतण्याला कानस हातात द्यायच्या आधी ती दाखवतो.

यंदाही सल काढली. जाड वाळलेलं लाकूड मशीननं, हिरव्यापासून वीतभर अलीकडेच थांबून. उरलेली वीत आणि तिच्या खालचं दोन सेंटिमीटर हिरवं हातआरीनं कापतो. खांदा दुखतो. तेवढा दुखू देतो.