बदललेला स्वर आणि फसवणुकीचा आरोप

माझा भाचा हैदराबादला असतो. विशीत असताना तो सुट्टीला आमच्याकडे आला की त्याच्या खोलीतून एखादे श्वापद गुरगुरत असल्याचा भास होई. तो माणसाचाच कंठ असून डेथ मेटल नावाच्या प्रकारात असेच गातात, असे त्याने मला समजावून सांगितले होते. वाद्यवृंदाचे नाव ओपेथ. १९९० मध्ये स्वीडनमधील स्टॉकहोम येथे स्थापन झालेला. ते संगीत मला रुचले असे म्हणणार नाही. परंतु त्यातून निघालेल्या एका वादाने माझा पिच्छा आजवर सोडलेला नाही.

त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९९५ ची. तीतील वादकांपैकी आज केवळ मिकाएल ओकरफेल्ट हे गायक उरले आहेत. सरकारी कचेरीत माणसे बदलतात आणि कारभाराची रीत तीच राहते. येथे माणूस राहिला आणि रीत बदलली. २००३ च्या 'डॅम्नेशन'मध्ये गुरगुर मुळीच नव्हती, पण ती मुद्रिका आदल्या वर्षीच्या उग्र 'डिलिव्हरन्स'ची जोडीदार असल्याने फारशी खटकली नाही. २०११ च्या 'हेरिटेज'मध्ये मात्र ती पूर्णपणे सोडून १९७० च्या दशकातील रॉक संगीताची वाट धरली गेली. "मामा, ही सरळ फसवणूक आहे," असे भाचा तेव्हा म्हणाला होता.

फसवणूक म्हणायची तर आधी वचन हवे. ते कोणी दिले? प्रशासकीय कायद्यात रास्त अपेक्षेचे एक तत्त्व आहे. दीर्घकाळचा प्रघात शासनाने मनमानीने मोडू नये, असा त्याचा आशय. नोकरीत असताना त्याचा धाक मी अनुभवला आहे. पण शासनापाशी सत्ता असते आणि नागरिकाला दुसरे दार नसते, म्हणून ते तत्त्व. श्रोता बांधलेला नसतो; जुन्या मुद्रिकाही त्याच्या घरातून कोणी उचलून नेत नाही. त्याने गमावलेली असते ती सोबत. हे दुःख खरे आहे, पण त्याला अन्याय म्हणता येणार नाही. उलट, मनातून उतरलेला स्वर केवळ टाळ्यांसाठी काढत राहणे, याला मी फसवणूक म्हणेन.

२०२४ च्या अखेरीस भाच्याचा फोन आला. गुरगुर परतली होती. 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट' ही मुद्रिका पहिल्या महायुद्धानंतरच्या काळातील एका धनाढ्य कुटुंबप्रमुखाच्या मृत्युपत्राच्या वाचनावर रचलेली आहे. एक गाणे वगळता बाकीच्यांना नावे नाहीत, नुसते कलमांचे क्रमांक! (माझ्यासारख्या जुन्या कारकुनी मनाला हे फार भावले.) तो घोगरा स्वर मृत बापाचा आहे.

श्रोत्यांपुढे ही शरणागती म्हणावी काय? मला तसे वाटले नाही. पात्राला तो कंठ हवा होता, म्हणून तो आला.

"आणि मामा, कंठ पुन्हा काढायचा होता म्हणून पात्र शोधले असेल तर?" भाच्याने विचारले. याचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही, आजही देता येत नाही.