स्वस्त बंदूक

एखादी वस्तू स्वस्त मिळाली असे आपण म्हणतो, तेव्हा आपणांस कमी पैसे द्यावे लागले एवढेच आपण सांगत असतो. तिची खरी किंमतच कमी होती, की किमतीचा काही भाग दुसऱ्या कोणी भरला, हा विचार त्या आनंदात सहसा कोणाच्या मनात येत नाही. व्यवहारात मात्र असे पुष्कळदा घडते की, घेणाऱ्याने वाचविलेली रक्कम नाहीशी होत नाही. ती दुसऱ्याच्या नावे मांडली जाते, आणि तो दुसरा आपल्या दृष्टीआड असल्यामुळे आपण त्या व्यवहारास काटकसर असे गोंडस नाव देतो. काटकसर हा सद्गुण आहे हे आम्हांस मान्य आहे. तो सद्गुण कोठे संपतो आणि अन्याय कोठे सुरू होतो, एवढाच प्रश्न आहे. या प्रश्नाची परीक्षा आम्ही येथे शिकारीच्या बंदुकीच्या उदाहरणाने करणार आहोत. कारण इतर व्यवहारांत जे झाकलेले राहते, ते येथे रक्ताने उघडे पडते.

गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यापासून वेगळा झाला; भूमी मात्र जुनीच आहे. धानाच्या बांध्या, कोहळी लोकांनी बांधलेले तलाव आणि त्यांना लागून नागझिरा-नवेगावचे अरण्य, असा हा प्रदेश. मध्यप्रांताच्या राजवटीत राखीव जंगलाचे विभाग पाडून ते शिकारीसाठी परवानेदारांस ठरावीक मुदतीने देण्यात येत. मालगुजाराच्या वाड्यात बंदूक असणे ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. १९५१ साली मालगुजारी गेली, तरी ती हौस काही काळ टिकली. नागपुराहून पदवी घेऊन परतलेला, हाती फारसा पैसा नसलेला तरुण वडीलधाऱ्यांस विचारी की, चितळास आणि अस्वलास दोघांसही चालेल आणि खिशासही झेपेल, अशी पहिली बंदूक कोणती? आज हा प्रश्न या स्वरूपात विचारता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस मर्यादा घातली, आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याने होणारी शिकारही बंद केली. परंतु कायद्याने कृत्य थांबते. त्यामागचा हिशेब मनात चालूच राहतो. म्हणून तो हिशेब एकवार तपासून पाहणे व्यर्थ नाही.

त्या तरुणापुढे तीन मार्ग असत. सर्वांत स्वस्त ती ठासणीची बंदूक, जिला इकडे भरमार म्हणतात. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासावयाची, एक बार काढावयाचा, आणि दुसरा भरीपर्यंत दैवावर हवाला ठेवावयाचा. तिच्या वरची पायरी बारा बोअरच्या काडतुसी बंदुकीची. हिची नळी आतून गुळगुळीत. तिचे छर्रे पसरत जातात, आणि चाळीस यार्डांपलीकडे ते जनावरास मारण्यापेक्षा जखमी करण्याचाच संभव अधिक. तिसरी रायफल. हिच्या नळीत पीळदार आटे असतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत आपला मार्ग न सोडता जाते. आपल्या देशात इच्छापूरच्या सरकारी कारखान्यातून निघणारी ३१५ बोअरची रायफल ही पुढे या वर्गातील परिचयाची वस्तू झाली. मध्यप्रांताच्या जंगलखात्यात काम केलेल्या जेम्स फॉर्सिथ यांचे मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशावरील पुस्तक १८७१ सालचे. परंतु त्यापूर्वी, १८६३ साली, त्यांनी शिकारी रायफलीवरच एक ग्रंथ लिहिला होता. शिकारीच्या नेहमीच्या अंतरात गोळीचा मार्ग शक्य तितका सपाट असावा, म्हणजे अंतराच्या अंदाजातील चूक भोवणार नाही, असा त्यांचा आग्रह होता.

ही चूक भोवते कोणास, हाच आमचा प्रश्न आहे. शिकाऱ्याचा नेम चुकला तर त्याचे एक काडतूस जाते. अर्धवट चुकला तर चितळ पोटात गोळी घेऊन झाडीत शिरते आणि तेथे तासन् तास तडफडून मरते. अस्वलाची गोष्ट याहून बिकट. त्याच्या अंगावरील लांब दाट केसांमुळे मर्मस्थान नेमके कोठे हे ओळखणे कठीण. दृष्टी मंद, घ्राणेंद्रिय तीक्ष्ण, आणि दचकले म्हणजे पळण्याऐवजी अंगावर येण्याची खोड. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोह गळू लागला की पहाटे त्याच झाडाखाली अस्वलही येते आणि टोपली घेऊन गावची बाईही येते. एरवी दोघे बहुधा एकमेकांस टाळून आपापला वाटा नेतात. परंतु त्या अस्वलाच्या खांद्यात आदल्या दिवशीची गोळी असेल तर? जिम कॉर्बेट यांनी १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या कुमाऊँच्या नरभक्षकांवरील पुस्तकात हे स्पष्ट केले आहे की, वाघ माणसावर उलटतो तो बहुधा जखमेमुळे, आणि ती जखम कित्येकदा निष्काळजीपणे झाडलेल्या गोळीची असते. बंदूक घेताना वाचविलेले रुपये अशा रीतीने चितळाच्या आणि मोह वेचणाऱ्या बाईच्या नावे मांडले जातात. सौद्याच्या वेळी या दोघींपैकी कोणासही विचारलेले नसते.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. काडतुसे महाग म्हणून काटकसरी शिकारी निशाणावर सराव करीत नाही. त्याचा सराव जिवंत जनावरावरच होतो. जुन्या जाणत्या शिकाऱ्यांनी जखमी जनावर सोडून घरी यावयाचे नाही असा जो दंडक घालून घेतला होता, त्याचे मर्म हेच की, आपण काढलेले कर्ज आपणच फेडले पाहिजे. त्या मंडळींस सरसकट क्रूर ठरविण्यास आम्ही तयार नाही. शाकुंतलातील सेनापती मृगयेचे समर्थन करताना शरीराची चपळाई, प्राण्यांच्या मनोविकारांचे ज्ञान आणि चळत्या लक्ष्यावरील अचूकपणा हे गुण सांगतो. मनूने मात्र राजाच्या कामज व्यसनांत मृगयेस पहिले स्थान दिले आहे. आणि त्याच नाटकाच्या आरंभी तपस्वी राजास बजावतो की, तुमचे शस्त्र पीडितांच्या रक्षणासाठी आहे, निरपराध्यावर चालविण्यासाठी नाही. आमचा कौल तपस्व्याच्या बाजूने आहे. प्राणी विचार करतो की नाही हा प्रश्न नसून त्यास वेदना होते की नाही हा प्रश्न आहे, हे बेंथमने १७८९ सालीच सांगून ठेवले. आणि ते एकदा मान्य केले म्हणजे केवळ करमणुकीखातर दिलेल्या वेदनेचे समर्थन उरत नाही. सेनापतीचा युक्तिवाद अचूकपणाच्या बळावर थोडासा तरी उभा राहतो. स्वस्त आणि बेभरवशाच्या हत्याराने तो आधारही जातो.

येथवर पुष्कळ वाचक आमच्याशी सहमत होतील. कारण येथवर त्यांस स्वतःला काहीच द्यावे लागलेले नाही. आता धानाच्या बांधीकडे वळू. ज्याची शेती जंगलास लागून आहे, त्याचे पीक चितळांचा कळप आणि रानडुकरे रात्रीत फस्त करतात. लोंब्या भरू लागल्यापासून कापणीपर्यंत तो थंडीत शेकोटी पेटवून जागल करतो. त्याच्या दृष्टीने बंदूक ही हौस नव्हे. महाभारताच्या वनपर्वातील धर्मव्याध कौशिक ब्राह्मणास सांगतो की, नांगर चालतो तेव्हाही भूमीतील असंख्य जीव मरतात. ज्याने कोणासच मारले नाही असा माणूस या जगात दाखविणे कठीण. भात खाणाऱ्या प्रत्येकाने हे बोल स्वतःस लावून घ्यावेत.

मग या शेतकऱ्यास आपण काय दिले? १९५९ च्या शस्त्र-कायद्याने पीक-संरक्षणासाठी परवाना देण्याची सोय केली. पण कोणत्या हत्याराचा? मुख्यतः ठासणीच्या बंदुकीचा. ती पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तरच गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक. म्हणजे ज्याची गरज खरी, त्याच्या वाट्यास सर्वांत हलके हत्यार आले. वन्यजीवांच्या कायद्यानेही आत्मरक्षणासाठी केलेला वध गुन्हा मानलेला नाही, आणि काही प्राण्यांच्या बाबतीत पिकांच्या रक्षणासाठी लेखी परवानगीची वाट ठेवली आहे. परंतु परवानगी हातात पडेपर्यंत पीक थांबत नाही. अशा स्थितीत कित्येक जण भरमारीहूनही स्वस्त उपाय करतात: कुंपणाच्या तारेत वीज सोडतात. या हत्याराला नेम नाही, पारख नाही, आणि ते चालविणारा त्या वेळी घरी झोपलेला असतो. डुकरासाठी लावलेल्या अशा तारेने विदर्भात वाघ मेले आहेत, माणसेही मेली आहेत. रायफलीकडून भरमारीकडे आणि भरमारीकडून तारेकडे, हत्यार जसजसे स्वस्त होते तसतसा मारणाऱ्याचा हात आणि डोळा त्यापासून दूर जातो, आणि किंमत भरणारांची संख्या वाढते.

तार लावणाराचा दोष आम्ही झाकू इच्छित नाही. परंतु ज्या मापाने त्याचे मोजले, त्याच मापाने आपलेही मोजले पाहिजे. नागझिऱ्याचे अभयारण्य १९७० साली, नवेगावचे राष्ट्रीय उद्यान १९७५ साली, आणि दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प २०१३ साली झाला. ही निःसंशय उत्तम कामे होत. सुट्टीत आपण मुलांस घेऊन तेथे जातो, प्रवेशाचे शुल्क भरतो, चितळांचा कळप पाहून प्रसन्न होतो, आणि प्राण्यांवर आपले प्रेम आहे या समाधानात परततो. त्या शुल्कात शेजारच्या शेतकऱ्याच्या जागलीचे मोल धरलेले नसते. चितळ आपणांस सुंदर दिसते, पण ते चरते त्याच्या बांधीत. भरपाईची तरतूद आहे खरी. पण अर्ज, पंचनामा आणि हेलपाटे यांची भरपाई कोण देणार? आपली दया स्वस्त पडली, ती तिची बाकी त्याच्या नावे मांडल्यामुळे. ठासणीची बंदूक घेणारा तरुण आणि आपण, यांत या एका बाबतीत फारसे अंतर नाही.

तेव्हा निष्कर्ष काय? करमणुकीसाठी मारण्यास कोणतीही बंदूक पुरेशी चांगली नाही. त्या तरुणास आमचे उत्तर एवढेच. आणि जेथे मारल्यावाचून गत्यंतरच नाही, तेथे ते काम रीतसर परवानगीने, सरावलेल्या हाताने, एका गोळीत जीव जाईल अशा हत्याराने व्हावे, आणि त्याचा खर्च एकट्या शेतकऱ्याने नव्हे, सर्वांनी सोसावा. त्याहून बरे म्हणजे मारण्याची वेळच येऊ नये म्हणून मजबूत कुंपण आणि वेळेवर भरपाई यांसाठी आपण अधिक कर, अधिक शुल्क आनंदाने द्यावे. हे महाग पडेल, यात शंका नाही. पण आजवर ते स्वस्त पडले असे ज्यांस वाटते, त्यांनी एकदा कार्तिकातल्या रात्री धानाच्या बांधावर शेकोटीजवळ बसून पाहावे, आणि मग हिशेब मांडावा.