चुन्यातलं पाऊल

सकाळी अंथरुणातून उठून जमिनीवर पाय ठेवण्याआधी पृथ्वीची क्षमा मागायची, ही रीत अनेक मराठी घरांत आहे. त्या प्रार्थनेत समुद्र हे पृथ्वीचं वस्त्र मानलं आहे. मग क्षमा मागितली की पाऊल कुठेही टाकावं?

नागपुरातल्या लकडगंजाला हा प्रश्न परका नाही. लाकूडबाजार आणि आरा मशीन यांची ही वस्ती. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त मूर्तीसाठी झाड तोडण्याआधीचा विधी सांगितला आहे: झाडाची पूजा करायची आणि त्यावर राहणाऱ्या जीवांना दुसरीकडे जाण्याची विनंती करायची. म्हणजे कुऱ्हाड चालवायची, पण तिथे आधीपासून कोणी राहतं हे मान्य करून.

लाकडाची निदान गरज असते. लकडगंजातलं कुटुंब सुट्टीत मालवणला जाऊन स्नॉर्केलिंगसाठी पाण्यात उतरतं, तेव्हा गरज कसली?

मालवणसमोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याचा पाया घातला. किल्ल्यातल्या घुमटीत चुन्यात उमटलेला ठसा आहे. तो महाराजांच्या पावलाचा, अशी श्रद्धा आहे. लोक तिथे वाकतात. त्यावर पाय ठेवण्याचा विचारही कुणाच्या मनात येत नाही.

किल्ल्याभोवतालच्या पाण्याखाली प्रवाळ आहेत. तेही चुन्याचेच, फक्त हा चुना जिवंत प्राण्यांनी रचलेला. इवले पॉलिप समुद्रातून कॅल्शियम घेऊन आपलं घर बांधतात. काही जातींची वाढ वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर. दमलेला पर्यटक क्षणभर टेकायला त्यावर उभा राहिला, की कित्येक वर्षांची बांधणी मोडते. होडीचा नांगरही तेच करतो. 1987 मध्ये इथे सागरी अभयारण्य जाहीर झालं: क्षेत्र 29.122 चौरस किलोमीटर. 2001 पासून या दगडी प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाच्या बरोबरीने संरक्षण आहे.

दोन्हीकडे चुनाच, एकावर डोकं टेकतं, दुसऱ्यावर टाच. श्रद्धा खरी असेल तर तिने किल्ल्याच्या तटापाशी थांबू नये. गाभाऱ्याबाहेरून दर्शन घ्यायची सवय आपल्याला आहेच; दर्शनाला स्पर्श लागत नाही.

स्नॉर्केलिंगची खरी पद्धतही हीच आहे. पोहता न येणारा ट्यूब धरून पाण्यावर पालथा पडतो आणि गाइड त्याला हळूहळू ओढत नेतो. हात पुढे, पाय मागे, तोंड पाण्यात. दंडवतच तो, पण त्यात एकही अंग तळाला लागत नाही.