बाजारांत उभे राहिलेले तरुण

शास्त्रपाठ : मत्तय 20:1-16



हा दाखला वाचतांना आपण बहुधा मजुरीचाच विचार करितों. आज मात्र दिवस मावळतेवेळीं बाजारांत उभ्या असलेल्या मनुष्यांकडे तुमचें लक्ष वेधावें अशी आमची इच्छा आहे. धन्यानें त्यांस रिकामें उभें राहण्याचें कारण विचारिलें, तेव्हां त्यांनीं थकव्याची किंवा आजाराची सबब सांगितली नाहीं. त्यांचें म्हणणें एवढेंच होतें कीं, आपणांस कोणी बोलाविलें नाहीं. धन्यानें तें खरें मानिलें व त्यांस मळ्याकडे पाठविलें.

असे तरुण आपल्या प्रत्येक गांवीं आहेत. कोणाचा पाय अधू, कोणास ऐकूं येत नाहीं, कोणाची बुद्धि सावकाश चालते, कोणी शाळेंत नापास होऊन घरीं बसला आहे. 2011 च्या खानेसुमारींत भारतांत सुमारें 2 कोटि 68 लक्ष मनुष्यें अपंग म्हणून नोंदलीं गेलीं. त्यांतील तरुण काम मागावयास गेला, तर त्याला पूर्वीचा अनुभव विचारितात. आणि अनुभव मिळवावयास तर आधीं काम पाहिजे. ह्या कोंडींतून त्याला प्रथम कोणीं बाहेर काढावें? आम्ही म्हणतों, मंडळीनें, तरुण संघानें, बचत गटानें, गांवच्या वाचनालयानें.

आम्ही प्रथम आपलाच अपराध कबूल करितों. कित्येक वर्षांपूर्वीं आमच्या मंडळींत कापणीच्या सणाची तयारी चालली होती. अर्पणाचें धान्य तोलणें, चिठ्या लिहिणें, लिलावाचा हिशेब ठेवणें, अशीं कामें तरुणांस वांटून दिलीं. जन्मतः बहिरा असलेला अठरा वर्षांचा एक मुलगा पुढें आला. आम्हीं त्याच्या पाठीवर हात ठेवून खुणेनें सांगितलें, "तूं बस." आपण दया केली असें आम्हांस वाटलें. संध्याकाळीं त्याची आई दारांत आली व म्हणाली, "पाळकसाहेब, बसायला त्याला घर आहे. देवळांत तरी त्याला कांहीं काम द्या."

दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्याला तराजूपाशीं नेमिलें. पहिल्याच तासांत दोन पोत्यांच्या चिठ्या उलटसुलट झाल्या व मंडळीचे एक वडील रागावले. चौकशी केली तेव्हां कळलें कीं, नांवें सांगणारा मनुष्य त्याच्याकडे पाठ करून बोलत होता. मग नांवें पाटीवर लिहून त्याच्यापुढें धरिलीं, आणि दिवे लागेपर्यंत एकही चूक झाली नाहीं. दोष आमच्या रीतीचा होता. पुढें तालुक्याच्या गांवीं एका दुकानदारानें आम्हांस विचारिलें, ह्यानें पूर्वीं कोठें काम केलें आहे काय? आम्हांस सांगावयास कांहीं होतें म्हणून तो आज त्या दुकानांत मालाची नोंदवही ठेवितो. त्याच्या आईची आम्हांस भीड वाटली नसती, तर आमच्या दयेनेंच त्याचा मार्ग बंद केला असता.

ह्यावरून चार गोष्टी आपण शिकूं.

पहिली : विचारावें. बार्तीमय आंधळा आहे हें प्रभूला दिसत होतें. तरी त्याची इच्छा काय आहे, हें प्रभूनें त्यालाच विचारिलें. तरुणास कोणतें काम जमेल हें आपण ठरवूं नये. त्याच्याजवळ बसून त्याचें ऐकावें.

दुसरी : सोय करावी. मोशे जिभेचा जड होता. देवानें त्याचें काम काढून घेतलें नाहीं. अहरोन बोलका जोडीदार म्हणून दिला. अपंगांच्या हक्कांविषयीं 2016 सालीं जो कायदा झाला, त्यांत एकवीस प्रकारचीं अपंगत्वें मानिलीं आहेत व वाजवी सोय न करणें हा भेदभाव ठरविला आहे. सरकारी जागांत निदान शेंकडा 4 त्यांच्यासाठीं राखावयाच्या आहेत. परंतु आपल्या देवळाच्या पायऱ्यांपाशीं उतरण घालावयास कायद्याची वाट कशाला पाहावी? एक पाटी, थोडा अधिक वेळ, एक समजूतदार सोबती, ह्यांस किती खर्च येतो?

तिसरी : काम खरें असावें. दर रविवारीं सतरंज्या उचलावयास लावून त्याला अनुभव म्हणूं नये. हिशेब, पत्रव्यवहार, रोपवाटिका, शिवणकाम, अशा उपयोगी कामांत त्यांना घ्यावें. आणि ज्या कामाची मजुरी दुसऱ्यास देतों, ती त्यांसही द्यावी. मळ्याच्या धन्यानें ती संध्याकाळींच चुकती केली. मात्र चौदा वर्षांखालील मुलांस नोकरीस ठेवूं नये, व अठरा वर्षांखालील कोणासही धोक्याच्या कामास लावूं नये. कायद्यानें तें निषिद्ध आहे.

चवथी : चुकलेल्यास पुन्हां घ्यावें, व केलेल्या कामाची साक्ष द्यावी. मार्क अर्ध्या वाटेवरून परतला, म्हणून पौलानें त्याला सोबत घेण्याचें नाकारिलें, बर्णबानें घेतलें. पुढें तोच पौलास उपयोगी वाटला. आणि रोमच्या मंडळीस लिहितांना पौलानें फीबीची शिफारस केली. आपल्या तरुणास असेंच एक पत्र द्या. त्यानें काय काम केलें तें त्यांत खरें खरें लिहा.

कोणी म्हणतील, अशानें काम बिघडेल. केडगांवास पंडिता रमाबाईंच्या मुक्ति सदनांत आंधळ्या स्त्रियांनाही आसरा व शिक्षण मिळालें. वरोऱ्याजवळ बाबा आमटे ह्यांच्या आनंदवनांत, ज्यांस महारोगामुळें गांवानें टाकिलें होतें त्यांनीं आपल्या हातांनीं विहीर खणिली व शेत पिकविलें. ज्यांस लोक ओझें म्हणत, त्यांनीं दुसऱ्यांचें ओझें वाहिलें.

प्रिय उपदेशकहो, येत्या रविवारीं उपासनेनंतर आपल्या गांवच्या तरुणांचीं नांवें लिहून काढा. कोण कधींच बोलाविला गेला नाहीं, ह्याचा शोध घ्या. तो आपल्या मंडळीचा असो वा नसो, त्याच्या घरीं जा. दाखल्यांतील धनी कारभाऱ्यास न पाठवितां स्वतः बाजारांत गेला, आणि दिवसाचा एकच तास उरला असतांही गेला. आपल्याकडे तेवढा तरी वेळ आहे. तो आपण दवडूं नये, म्हणून प्रभु आपणांस डोळे व धैर्य देवो. आमेन.